रूट केलेल्या फोनच्या सिस्टिम फायली बदलायच्या कशा

फोन रूट झाला, सुपरयूझरची, म्हणजे सर्वाधिकाराची, परवानगी मिळाली, टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) डॉलरच्या जागी # हे चिन्ह दिसू लागले. तरी सिस्टिममधली एखादी फाइल बदलायला गेले की उत्तर येते, ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’. रूट नीट झाले नाही असे समजून बरेच जण इथे सगळे पहिल्यापासून करायला घेतात, आणि त्यात कधी कधी डेटाही घालवून बसतात. रूट मिळाले म्हणजे परवानगी नाही म्हणून कर्नल (अँड्रॉइडचा गाभा) तुम्हाला अडवत नाही, एवढेच. ज्या पार्टिशनवर (साठवणुकीच्या भागावर) लिहायचे ते लिहिण्याजोगे आहे का, हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर बरेचसे तुमचा फोन कोणत्या अँड्रॉइडसह बाजारात आला यावर ठरते.

अँड्रॉइड ९ पर्यंतच्या फोनवर थेट लिहिता येते. अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरचे अँड्रॉइड घेऊन आलेल्या फोनवर मूळ फाइल जिथल्या तिथे ठेवून तिच्यावर आपली फाइल पांघरायची. जुन्या फोनवरही शक्य असेल तर ही दुसरी वाटच धरा. मूळ फाइल शाबूत राहिली की चुकले तरी मागे येता येते.

आज्ञांबद्दल आधी एक खुलासा. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करताना अक्षरे आणि अंक रोमनच हवेत, आणि सांगितले नसेल तिथे सगळी अक्षरे लहान. ‘सीपी’ म्हणजे सी आणि पी ही दोन अक्षरे, ‘आरडब्ल्यू’ म्हणजे आर आणि डब्ल्यू. जागा, तिरक्या रेघा, स्वल्पविराम दिसतात तसेच.

कुलपे चार आहेत

पहिले कुलूप माउंटचे. अँड्रॉइड सुरू होताना सिस्टिम पार्टिशन ‘आरओ’, म्हणजे फक्त वाचण्यासाठी जोडते. हे उघडायला एक आज्ञा पुरते.

दुसरे डीएम-व्हेरिटीचे, म्हणजे सिस्टिममध्ये फेरफार झाला का हे तपासणाऱ्या सोयीचे. पार्टिशनच्या प्रत्येक ४ केबी ब्लॉकचा हॅश (मजकुरावरून काढलेला तपास-आकडा) आधीच काढून ठेवलेला असतो आणि ब्लॉक वाचताना तो ताडून पाहिला जातो. ही सोय अँड्रॉइड ४.४ मध्ये आली आणि ७.० पासून सक्तीने पाळली जाऊ लागली. व्हेरिटी चालू असेल तर ब्लॉक डिव्हाइसच वाचण्यापुरते असते, त्यामुळे रीमाउंट होत नाही. रिकव्हरीतून (अँड्रॉइडबाहेरच्या दुरुस्ती-मोडमधून) जबरदस्तीने लिहिले तर हॅश जुळत नाही आणि फोन सुरू व्हायचा थांबतो.

तिसरे कुलूप फाइल सिस्टिमचे, आणि नव्या फोनवर खरी अडचण हीच. अँड्रॉइड १० पासून सिस्टिम, व्हेंडर, प्रॉडक्ट ही पार्टिशने ‘सुपर’ नावाच्या एका मोठ्या पार्टिशनच्या पोटात गेली. जागा वाचावी म्हणून एक्स्ट४ या फाइल सिस्टिममध्ये सारख्या मजकुराचे ब्लॉक दोन-तीन फायलींत वाटून वापरले जातात. असा एक ब्लॉक बदलला तर भलतीच फाइल बिघडेल, म्हणून कर्नल अशी फाइल सिस्टिम लिहिण्यासाठी जोडायलाच नकार देतो. त्याहून नव्या फोनांवर ईआरओएफएस असते. हुआवेने तयार केलेली ही फाइल सिस्टिम २०१८ मध्ये लिनक्स कर्नल ४.१९ मध्ये आली. ती दाबून भरलेली, निव्वळ वाचण्यासाठी रचलेली आहे. तिच्यात लिहिण्याची सोयच नाही, मग कितीही मोठी परवानगी असो.

चौथे एसईलिनक्सचे, म्हणजे कोणी कोणती फाइल वापरायची हे लेबलांवरून ठरवणाऱ्या सुरक्षा-व्यवस्थेचे. लिहून झाले तरी फाइलला चुकीचे लेबल असेल तर सिस्टिम ती वाचत नाही. फाइल जागेवर दिसते, आकारही बरोबर असतो, पण परिणाम काहीच नाही. असे झाले की आधी लेबल तपासा.

सुरुवातीपूर्वीची तयारी

सध्याच्या आवृत्तीच्या अधिकृत फर्मवेअरमधून मूळ बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल) काढून कॉम्प्युटरवर ठेवा. अँड्रॉइड १३ सह आलेल्या बऱ्याच फोनांवर तिच्याबरोबर ‘इनिट_बूट’ ही वेगळी इमेज असते आणि मॅजिस्क (फोन रूट करणारे ॲप) तीच पॅच करते. बिल्ड क्रमांक तंतोतंत तोच हवा. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करून, कॉम्प्युटरला जोडून, ‘या कॉम्प्युटरला नेहमी परवानगी द्या’ हे आत्ताच मान्य करा. फोन अर्ध्यात अडकला की ती खिडकी दाबायला पडदाच नसतो, आणि सुटकेचा सर्वात सोपा मार्ग याच परवानगीवर उभा आहे. फोटो आणि चॅटचा बॅकअप वेगळा घ्या.

बँकेचे आणि यूपीआयचे ॲप ज्या फोनवर रोज लागते त्याच्यावर हे प्रयोग नकोत. यातली बरीच ॲप रूट केलेला फोन ओळखतात आणि चालत नाहीत. सॅमसंगवर तर अनधिकृत इमेज चढवली की नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा-व्यवस्थेचा) फ्यूज कायमचा उडतो, तो मूळ फर्मवेअर टाकूनही परत येत नाही. जुना, कपाटात पडलेला फोन यासाठी उत्तम.

आपला फोन कोणत्या गटातला

कॉम्प्युटरवर प्लॅटफॉर्म-टूल्स (एडीबी, फास्टबूट ही फोनला आज्ञा देणारी गूगलची साधने) उतरवून घ्या आणि:

एडीबी शेल
एसयू
कॅट /प्रॉक/माउंट्स | ग्रेप " / "

दुसऱ्या ओळीनंतर फोनच्या पडद्यावर परवानगीची खिडकी येते, ती मान्य करा. तिसऱ्या ओळीचे उत्तर लांबलचक असते. त्यात दोनच गोष्टी बघायच्या: फाइल सिस्टिमचा प्रकार, म्हणजे एक्स्ट४ की ईआरओएफएस, आणि त्यामागचे ‘आरओ’ किंवा ‘आरडब्ल्यू’ (वाचणे-लिहिणे दोन्ही). जुन्या फोनवर या ओळीत ‘रूटएफएस’ दिसेल. तसे दिसले तर अवतरणातल्या तिरक्या रेघेच्या जागी /सिस्टिम घालून पुन्हा बघा. नंतर:

गेटप्रॉप आरओ.बूट.डायनॅमिक_पार्टिशन्स

उत्तर ‘ट्रू’ आले तर थेट लेखनाचा नाद सोडा आणि पुढचा ‘जुन्या फोनवर’ हा भाग वगळून मॉड्यूलकडे, म्हणजे पांघरायच्या फायलींच्या फोल्डरकडे, जा. उत्तर कोरे आले आणि प्रकार एक्स्ट४ असेल, तर तुमचा फोन जुन्या गटातला.

जुन्या फोनवर थेट लेखन

माउंट -ओ आरडब्ल्यू,रीमाउंट /सिस्टिम

‘/सिस्टिम हे माउंट्समध्ये नाही’ अशा अर्थाची चूक आली तर तुमच्या फोनवर सिस्टिम हेच मुळाचे पार्टिशन आहे. मग /सिस्टिमच्या जागी नुसती / द्या. दोन्हीकडे नकार आला तर बहुधा व्हेरिटी चालू आहे; मग पुढची मॉड्यूलचीच वाट धरा.

रीमाउंट झाल्याबरोबर फाइल टाकू नका. आधी जागा बघा:

डीएफ -एच /सिस्टिम

जुन्या फोनांवर हे पार्टिशन काठोकाठ भरलेले असते, मोकळी जागा काही एमबीच. जागा कमी असताना ‘सीपी’ने फाइलवर फाइल टाकली तर जुनी फाइल आधी रिकामी होते, नवी अर्धीच लिहिली जाते आणि हातात दोन्हींतली एकही राहत नाही. ती फाइल फ्रेमवर्कची (अँड्रॉइडच्या मूळ यंत्रणेची) असेल तर पुढच्या वेळी फोन लोगोवरच थांबेल. म्हणून मूळ फाइल आधी /एसडीकार्डवर, आणि तिथून कॉम्प्युटरवर, मगच नवी फाइल. फाइल टाकल्यावर परवानग्या ६४४, मालक ०:०, लेबल सिस्टिम फाइलचे. या आज्ञा पुढे मॉड्यूलमध्ये आहेत, त्याच इथेही चालतात. शेवटी ‘सिंक’ चालवून ‘आरओ,रीमाउंट’ने दार लावून घ्या.

एक परिणाम लक्षात ठेवा. अँड्रॉइड ५ पासून अपडेट ब्लॉकनिहाय येते आणि ते आधीचे ब्लॉक जसेच्या तसे आहेत का हे तपासते. पार्टिशन एकदा आरडब्ल्यू जोडले की, काही न बदलताही, त्याच्या नोंदी बदलतात आणि छोटे अपडेट नाकारले जाते.

नव्या फोनवर: मॉड्यूल

मॅजिस्क २०१६ पासून ज्या तत्त्वावर चालते ते साधे आहे. तुमची फाइल /डेटामध्ये राहते, /डेटा लिहिण्याजोगेच असते. फोन सुरू होताना ती फाइल सिस्टिममधल्या फाइलच्या जागी बाइंड माउंट केली, म्हणजे वरून जोडली, जाते. ॲपना तुमची फाइल दिसते, खालची मूळ फाइल जिथे होती तिथेच असते. मॉड्यूल बंद केले की पांघरूण निघाले.

मराठी वाचकाच्या उपयोगाचे उदाहरण घेऊ: फोनचा देवनागरी फॉन्ट बदलणे. लॅटिन अक्षरे आणि देवनागरी अक्षरे वेगवेगळ्या फायलींतून येतात, त्यामुळे फक्त देवनागरी बदलता येते. आधी मूळ नाव शोधा:

एलएस -एल /सिस्टिम/फॉन्ट्स | ग्रेप -आय देवनागरी

अलीकडच्या अँड्रॉइडवर ‘नोटोसॅन्सदेवनागरी-व्हीएफ.टीटीएफ’ असे काहीसे नाव दिसेल. काही कंपन्यांचे स्वतःचे देवनागरी फॉन्ट असतात, म्हणून दुसऱ्या कोणाच्या फोनवरचे नाव वापरू नका, आपल्या पडद्यावर दिसले तेच घ्या.

नावातले ‘व्हीएफ’ महत्त्वाचे. तो व्हेरिएबल फॉन्ट आहे, एकाच फाइलमध्ये बारीक ते ठळक सगळी वजने. सिस्टिमच्या फॉन्ट यादीत ४०० आणि ७०० ही दोन्ही वजने याच फाइलच्या नावावर मांडलेली असतात. त्याच नावाने साधा रेग्युलर फॉन्ट टाकला तर ठळक मथळेही बारीकच दिसतात. ठळक रूप आहेच असे यादी सांगत असते, म्हणून सिस्टिम कृत्रिम जाडीही देत नाही. त्यामुळे व्हेरिएबल फॉन्टच घ्या. मुंबईच्या एक टाइपचा ‘बालू २’ व्हेरिएबल रूपात मुक्त परवान्याने मिळतो, त्यात ४०० ते ८०० वजने आहेत. त्यांचाच ‘मुक्ता’ देखणा आहे, पण तो सात सुट्या वजनांत येतो, या जागी तो बसत नाही.

उतरवलेल्या फाइलच्या नावात चौकटी कंस असतील तर शेल गोंधळते. नाव बदलून ‘नवा.टीटीएफ’ करा, डाउनलोड फोल्डरमध्ये ठेवा, मग:

एमकेडीआयआर -पी /डेटा/एडीबी/मॉड्यूल्स/मराठीफॉन्ट/सिस्टिम/फॉन्ट्स
सीडी /डेटा/एडीबी/मॉड्यूल्स/मराठीफॉन्ट
सीपी /एसडीकार्ड/डाउनलोड/नवा.टीटीएफ सिस्टिम/फॉन्ट्स/नोटोसॅन्सदेवनागरी-व्हीएफ.टीटीएफ

‘डाउनलोड’चा डी मोठा. शेवटचे नाव तुमच्या यादीतले, त्यातली लहान-मोठी अक्षरेही तशीच. इथे ‘सीपी’च वापरा, ‘एमव्ही’ नको. ‘एमव्ही’ फाइलचा जुना मालक आणि जुन्या परवानग्या बरोबर घेऊन येते, आणि एसडीकार्डवरच्या परवानग्या सिस्टिमला चालत नाहीत. आता परवानग्या आणि लेबल:

सीएचओन -आर ०:० .
सीएचमॉड -आर ७५५ .
सीएचमॉड ६४४ सिस्टिम/फॉन्ट्स/*
सीएचकॉन -आर यू:ऑब्जेक्ट_आर:सिस्टिम_फाइल:एस० .

‘-आर’ तिन्ही ठिकाणी मोठा आर, आणि ओळीच्या शेवटचा टिंब विसरू नका. तो म्हणजे ‘आत्ता आहोत ते फोल्डर’. लेबलमधला शेवटचा अंक शून्य आहे, ओ नाही. ‘सीडी’ची ओळ चुकली असेल तर या आज्ञा भलत्याच फोल्डरवर चालतील. म्हणून त्याआधी ‘पीडब्ल्यूडी’ देऊन पडद्यावर मॉड्यूलचाच मार्ग दिसतो ना ते बघा. हा खबरदारीचा अर्धा मिनिट कधीही वाचवू नये.

राहिली ओळखपत्राची फाइल, ‘मॉड्यूल.प्रॉप’:

एको आयडी=मराठीफॉन्ट > मॉड्यूल.प्रॉप
एको "नेम=मराठी फॉन्ट" >> मॉड्यूल.प्रॉप
एको व्हर्जन=१ >> मॉड्यूल.प्रॉप
एको व्हर्जनकोड=१ >> मॉड्यूल.प्रॉप
एको ऑथर=मी >> मॉड्यूल.प्रॉप
एको "डिस्क्रिप्शन=देवनागरी बदल" >> मॉड्यूल.प्रॉप

पहिल्या ओळीत एक बाण, बाकी ओळींत दोन. ‘व्हर्जनकोड’मधला सी मोठा आणि त्याची किंमत पूर्णांकच. आयडी रोमन अक्षराने सुरू व्हावा, त्यात मोकळी जागा नको, आणि फोल्डरचे नाव तेच ठेवा. ही फाइल विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये लिहून आणू नका. तिथे ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर पडते आणि मॉड्यूल यादीत नीट दिसत नाही.

‘रीबूट’ करा. नंतर पुन्हा रूट शेलमध्ये जाऊन ‘सीएमपी’ या आज्ञेपुढे सिस्टिममधल्या फाइलचा आणि मॉड्यूलमधल्या फाइलचा मार्ग द्या. काहीच उत्तर आले नाही तर दोन्ही एकच आहेत, पांघरूण बसले. एवढ्यावर समाधान मानू नका. कोणत्याही नोट्स ॲपमध्ये ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द लिहून बघा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धचंद्रासारखा अर्धा र दिसायला हवा. पुढे ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हास’, ‘ॲप’, ‘बाळ’ लिहा. केवळ हिंदीपुरता बनवलेला फॉन्ट नेमका या अर्ध्या ‘ऱ’वर किंवा ‘ॲ’वर अडखळतो, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो. बटणांवरच्या वेलांट्या आणि मात्रा वरून कापल्या जात असतील तर त्या फॉन्टची उभी मापे मूळ फॉन्टपेक्षा वेगळी आहेत. परवानग्या बदलून ते सुटत नाही, दुसरा फॉन्ट घ्यावा लागतो. काही ॲप स्वतःचा फॉन्ट बरोबर आणतात, तिथे बदल दिसणार नाहीच.

मॅजिस्कच्या डिनायलिस्टमध्ये (ज्यांच्यापासून मॅजिस्क लपवायचे त्या ॲपच्या यादीत) एखादे ॲप टाकले असेल तर त्यालाही जुनाच फॉन्ट दिसेल. ती यादी त्या ॲपपुरते सगळे पांघरूण काढून घेते.

होस्ट्स फाइल, बिल्ड.प्रॉप आणि नको असलेली ॲप

कोणते संकेतस्थळ कोणत्या पत्त्यावर हे ठरवणाऱ्या होस्ट्स फाइलसाठी मॉड्यूल हाताने बांधायची गरज नाही. मॅजिस्कच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिमलेस होस्ट्स’ आहे, ते दाबून रीबूट करा. मग मॉड्यूल्स फोल्डरमधल्या ‘होस्ट्स’च्या आत, सिस्टिम/ईटीसीमध्ये, ती फाइल मिळते. तिच्यातल्या लोकलहोस्टच्या मूळ ओळी तशाच राहू द्या. नव्या ओळी ‘एको’ आणि दोन बाणांनी शेवटी जोडा. काही एडिटर सेव्ह करताना नवीच फाइल बनवून जुनीच्या नावाने ठेवतात. माउंट मात्र जुन्या फाइलला धरून असते, आणि रीबूट होईपर्यंत बदल दिसत नाही.

बिल्ड.प्रॉप ही सिस्टिमच्या सेटिंगांची फाइल उघडून बदलू नका. मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये ‘सिस्टिम.प्रॉप’ नावाची फाइल ठेवा आणि हव्या तेवढ्याच ओळी तिच्यात लिहा. उदाहरणार्थ ‘आरओ.कॉन्फिग.मीडिया_व्हॉल_स्टेप्स=३०’. गाण्यांच्या आवाजाचे टप्पे मुळात १५ असतात, रात्री हेडफोन लावल्यावर पहिलाच टप्पा कानाला मोठा वाटतो, त्याला हा उपाय लागू पडतो. काही कंपन्यांनी आवाजाची व्यवस्था बदललेली असते, तिथे फरक पडत नाही.

कंपनीने भरलेली ॲप काढायला सिस्टिममध्ये हात घालायची गरज नाही, रूटचीही नाही. ‘पीएम अनइन्स्टॉल --यूझर ०’ आणि पुढे पॅकेजचे नाव, एवढे एडीबी शेलमधून पुरते.

व्हेंडर किंवा प्रॉडक्टमधली फाइल बदलायची असेल तर मॉड्यूलमध्ये मार्ग ‘सिस्टिम/व्हेंडर’ आणि ‘सिस्टिम/प्रॉडक्ट’ असा द्या. थेट मॉड्यूलच्या मुळाशी ‘व्हेंडर’ फोल्डर ठेवले तर मॅजिस्क त्याच्याकडे बघत नाही. कर्नलएसयू या रूटच्या दुसऱ्या साधनाचीही मॉड्यूल याच फोल्डरमध्ये असतात, पण त्याची माउंटची पद्धत आवृत्तीनुसार बदलली आहे. आपल्या आवृत्तीची माहिती वाचूनच मॉड्यूल टाका.

लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारित मुक्त रॉम वापरणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘रूटेड डीबगिंग’ चालू करून कॉम्प्युटरवरून ‘एडीबी रूट’, मग ‘एडीबी रीमाउंट’. सांगितले तर रीबूट करून दोन्ही पुन्हा. नव्या फोनांवर हेसुद्धा ओव्हरलेएफएस वापरते, म्हणजे पांघरूणच. सगळे पूर्ववत करायला ‘एडीबी एनेबल-व्हेरिटी’ आणि रीबूट. कंपनीच्या मूळ रॉमवर हे चालत नाही, ‘प्रॉडक्शन बिल्डमध्ये रूट म्हणून चालता येत नाही’ असे उत्तर येते.

फोन लोगोवर अडकला तर

घाईने फॅक्टरी रीसेट करू नका. फोन कॉम्प्युटरला जोडा आणि:

एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्यूल्स

फोन सापडला की सगळी मॉड्यूल निघतात आणि तो आपोआप रीबूट होतो. आधी दिलेली डीबगिंगची परवानगी इथे कामाला येते. कॉम्प्युटर जवळ नसेल तर अँड्रॉइडच्या सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक फोनवर लोगो दिसताना आवाज कमी करायचे बटण दाबून धरतात. मॅजिस्क त्या वेळी मॉड्यूल बंद करते, आणि पुढच्या साध्या रीबूटला ती बंदच राहतात. दोन्ही जमले नाही तर जपून ठेवलेली मूळ इमेज:

फास्टबूट फ्लॅश बूट बूट.आयएमजी

पॅच केलेली इमेज ‘इनिट_बूट’ असेल तर दोन्ही ठिकाणी तेच नाव. मॅजिस्कच चालू झाले नाही की पांघरूणही पडत नाही, आणि डेटा जागेवर असताना फोन उठतो. सॅमसंगवर फास्टबूट नाही, तिथे हेच काम डाउनलोड मोड आणि ओडिन या कॉम्प्युटरवरच्या साधनाने होते.

अपडेट आले तर दोन स्लॉटच्या (सिस्टिमच्या दोन प्रती ठेवणाऱ्या) फोनवर मॅजिस्कमधून ‘रिस्टोअर इमेजेस’ करा, अपडेट चढवा, रीबूटचे बटण न दाबता ‘इन्स्टॉल टू इनॅक्टिव्ह स्लॉट’ निवडा, मग रीबूट. त्यानंतर फॉन्टची यादी पुन्हा काढा. नव्या आवृत्तीत मूळ फाइलचे नाव बदललेले असेल तर तुमचा फॉन्ट कोणी न वाचणारी जादा फाइल म्हणून पडून राहतो. मॉड्यूलमधल्या फाइलला नवे नाव दिले की काम झाले.